शेजारच्या बाकावरचा स्पर्धक

आमच्या अकोटात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आणि नीटची तयारी करणारी पोरं यांच्यात मला एक फरक दिसतो. तो काही केल्या डोक्यातून जात नाही. उमेद दोघांचीही मोठी. दोघांच्याही घरी आशा लावून बसलेली माणसं आहेत, दोघांपुढेही जागा थोड्या आणि उमेदवार फार. पण एकमेकांना मदत करायची वेळ आली की ही दोन्ही पोरं अगदी वेगळी वागतात, आणि आपण अंदाज करू त्याच्या नेमकी उलट वागतात.

पोपटखेडच्या रस्त्याला पहाटे फिरायला जाणाऱ्यांना भरतीची पोरं ठाऊक आहेत. उजाडायच्या आधीच ती रस्त्यावर असतात. पाठीवर घामानं चिकटलेले बनियन, पायात शिवून शिवून चालवलेले बूट. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे सगळे मिळून ५० गुण. त्यातून पुढे गेला तर १०० गुणांची लेखी. सेकंदा-सेकंदावर गुण कापले जातात, म्हणून एक जण मोबाइलवर वेळ लावून रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन आकडा ओरडतो. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा दुसऱ्याला गोळा धरायला शिकवत होता. मुलांचा गोळा सव्वासात किलोचा. नवखा पोरगा तो तळहातावर घेऊन चेंडूसारखा भिरकावू पाहत होता. शिकवणाऱ्यानं त्याची बोटं एकेक करून लावून दिली, गोळा मानेशी टेकवला, कोपर वर उचललं, कमरेला हात लावून वळण कुठून घ्यायचं ते दाखवलं. पुन्हा फेक म्हणाला. पुन्हा. शेवटी गोळा दोन हात पुढे पडला तेव्हा शिकवणाराच जास्त खूश झाला.

मी त्याला विचारलं, "अरे बाबू, हाही अकोल्यालाच फॉर्म भरणार ना? मग याला तयार करून तुझीच जागा जायची."

तो हसला. "काका, एकटा पयलो तं टायमिंगच येत नाई. हा मांगं लागते म्हणून मी पयतो. अन् याले मांगं ठेवून माहे मार्क वाढते थोडेच?"

ही स्पर्धा खरी आहे, हे ध्यानात घ्या. भरती जिल्ह्यावार होते. अकोटातल्या बहुतेक पोरांचा अर्ज अकोला जिल्ह्यासाठीच असतो, आणि जागा मोजक्या. शिकवलेला मित्र उद्या यादीत वर आणि आपण खाली, असं खरोखर होऊ शकतं. होतंही. तरी पहाटे वेळ ओरडणारा पोरगा उद्या पुन्हा तिथंच उभा असतो.

आता दुसरीकडे या. नीटसाठी आमची मुलं अकोल्याला जातात. शिकवणी वर्गांसाठी अकोल्याचं नाव सगळ्या वऱ्हाडात आहे. अकोट ते अकोला पंचेचाळीस किलोमीटर. २०२२ च्या ऑक्टोबरात गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल बंद झाला तेव्हा या मुलांचे काय हाल झाले ते अकोटकर विसरलेले नाहीत. लांबच्या वळशानं जायचं, रात्री उशिरा परतायचं. पुढच्याच महिन्यात अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली आणि पुष्कळांचा जीव भांड्यात पडला. त्या डब्यात मी या मुलांना पाहिलं आहे. एकमेकांसाठी जागा धरतात, एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या पोळीवर जाते, एखादीला चक्कर आली तर तिघी तिची बॅग उचलतात. मनानं कोती असलेली ही मुलं नव्हेत.

पण वही उघडायची वेळ आली की चित्र बदलतं. सर्वांना सारख्याच मिळालेल्या प्रश्नसंचावर एक मुलगी पेन्सिलनं काही लिहीत होती. शेजारच्या मैत्रिणीनं डोकावून विचारलं, "हे कसं सोडवलंस गं?" तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "मलाही नाही आलं." तिला आलेलं होतं. मी समोरच्या बाकावरून पाहत होतो. दोघींनाही ते कळलं होतं, आणि त्यानंतर त्या दोघी एकमेकींना चिवडा देत अकोटपर्यंत आल्या.

इथं थोडं गणित करू. २०२४ साली देशात २३ लाखांवर मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना मिळतात, म्हणून फक्त महाराष्ट्र धरला तरी परीक्षा देणारी मुलं दोन लाखांच्या वर आहेत. त्या मुलीनं मैत्रिणीला ते उत्तर समजावून सांगितलं असतं, त्यामुळे मैत्रीण तिच्या पुढे गेली असती असंही धरू. तर नुकसान किती? दोन लाखांत एक क्रमांक. आणि समजावून सांगताना तो प्रश्न तिच्या स्वतःच्या डोक्यात जो पक्का बसला असता, त्याचा फायदा वेगळाच. शिकवताना आपलं शिकणं पक्कं होतं, हे कोणत्याही जुन्या मास्तरांना विचारा.

म्हणजे जिथं शेजारी खराखुरा प्रतिस्पर्धी आहे तिथं पोरं बोटं धरून शिकवताहेत, आणि जिथं शेजारणीमुळे काहीच बिघडत नाही तिथं पान उलटलं जातंय. असं का होतं?

माझं उत्तर असं की नीटच्या मुलांची रोजची स्पर्धा नीटशी नसतेच. ती असते वर्गात लागणाऱ्या कागदाशी. दर आठवड्याला परीक्षा, दर आठवड्याला यादी. पहिला, दुसरा, सतरावा, अडतिसावा. काही ठिकाणी यादी भिंतीवर लागते, काही ठिकाणी पालकांच्या मोबाइलवर जाते. आणि त्या यादीवरून मुलांच्या बॅचेस बदलतात. वरच्या बॅचला चांगले शिक्षक, नियमित शंकानिरसन, पुढची बाकं. खाली घसरलं की मागची बॅच, तिथले शिक्षक वेगळे, आणि घरी तोंड दाखवायची चोरी. वरच्या बॅचमध्ये चाळीसच मुलं बसतात, कारण चाळीसच बसवायची असं कुणीतरी ठरवलं आहे. त्या खोलीत मात्र शेजारीण एक क्रमांक वर गेली तर आपण एक क्रमांक खाली येतो. चाळिसावीला तर खोलीच सोडावी लागते. देशभरच्या अफाट परीक्षेत जी टंचाई शेजारणीमुळे वाढत नाही, ती वर्गवाल्यांनी खोलीत तयार करून ठेवली आहे. सतरा वर्षांच्या मुलीनं पान उलटलं तर दोष तिला देण्यात अर्थ नाही. तिच्यासमोर जो हिशेब मांडला होता त्याचं उत्तर तिनं बरोबर काढलं.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं. मुलगी अभ्यासू, पण एका आजारपणात तीन चाचण्या बुडाल्या. तिला मागच्या बॅचमध्ये टाकलं. आधीच्या बॅचमधल्या मैत्रिणीकडे तिनं त्या दिवसांच्या नोट्स मागितल्या. मैत्रिणीच्या आईनंच फोन घेतला आणि गोड आवाजात सांगितलं की आत्ता तिचं रिव्हिजन चालू आहे, पुढच्या महिन्यात बघू. त्या आईला मी वर्षानुवर्षं ओळखतो. कुणाच्या घरी दुःख झालं तर सगळ्यांत आधी पिठलं-भाकरी घेऊन पोचणारी बाई आहे ती. तिला त्या दिवशी तसं बोलावंसं वाटलं, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

ईर्षेशिवाय आणखी एक गोष्ट यात आहे: घाई. महत्त्वाकांक्षा माणसाचा वेळ आधी घेते, मनाचं पुढे बघू. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायचं होतं. काहींना बायबलातल्या त्या भल्या समरिटनाच्या गोष्टीवर बोलायचं होतं, रस्त्यात पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या माणसाच्या. वाटेत दारात एक माणूस कण्हत, खोकत पडलेला. तो अर्थात प्रयोगातलाच होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. समरिटनावर बोलायला निघालेलेही त्याला ओलांडून गेले. ही माणसं पुढे धर्मगुरू व्हायची होती. आपली मुलं पहाटे सहाला घर सोडतात आणि रात्री नऊला परततात, त्यांना आपण कोणत्या वेळी माणुसकी दाखवायला सांगतो?

हे फक्त मुलांचंच आहे असं मात्र कुणी समजू नये. शिवारात तेच आहे.

पणज, बोर्डी, अकोलखेड, रुईखेडचा पट्टा केळीचा. केळीचा भाव तिथं ठरत नाही. तो रावेर-बऱ्हाणपूरकडून येतो. शेजाऱ्याची बाग चांगली आली म्हणून आपल्या घडाचा भाव पैशानंही उतरत नाही. कापसाचं तसंच. अकोटची बाजार समिती कापसाच्या भावासाठी नावाजलेली, आजूबाजूच्या तालुक्यांतून गाड्या येतात. पण बोली आपल्या यार्डात लागली तरी भाव ठरतो रुई आणि सरकीच्या दरावर, आणि त्याचं दुसरं टोक जगाच्या बाजारात असतं. बाजारात शेतकरी शेतकऱ्याचा प्रतिस्पर्धी नसतोच. तरी कोणतं खत टाकलं, कोणतं औषध मारलं, रोपं कुठून आणली हे विचारलं की आपल्याकडे किती जण सरळ उत्तर देतात? एकरी किती झाला विचारलं तर माणूस आधी समोरच्याचं तोंड बघतो. ही चढाओढ पैशाची नसून पारावरच्या मानाची आहे, आणि त्या मानापायी आपण गावचं ज्ञान घराघरात कोंडून ठेवलं आहे.

उलट, कित्येकदा शेजाऱ्याला मदत केल्याशिवाय आपलंच भागत नाही. केळी परदेशी पाठवायची तर एका मोठ्या वातानुकूलित कंटेनरमध्ये साधारण वीस टन माल लागतो, तोही एका दर्जाचा आणि एकाच वेळी कापलेला. एकट्याच्या बागेत एका दिवशी तेवढा निवडक माल निघेलच असं नाही. शेजाऱ्याची बागही त्याच तोडीची लागते. त्याच्या घडांना पिशव्या चढल्या, फण्यांची विरळणी वेळेवर झाली, तर व्यापारी त्या शिवारात येतो आणि आपलाही माल उचलला जातो. बोंडअळीचं तर विचारूच नका. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाडात जो घात केला तो आठवा. एकानं शेतात कामगंध सापळे लावले आणि शेजाऱ्यानं फेब्रुवारी-मार्चपर्यंत हंगाम संपलेल्या कापसाची फरदड उभी ठेवली तर सापळ्यांचा काय उपयोग? पतंग बांध ओळखत नाहीत. तिथं शेजाऱ्याला समजावणं, त्याच्या पऱ्हाट्या उपटायला आपला ट्रॅक्टर देणं हा दानधर्म नाही, स्वतःच्या पिकाची राखण आहे.

अर्थात सगळंच असं सोपं नाही. दिवाळीच्या आसपास कापूस फुटून पांढरा होतो, आभाळ भरून येतं आणि वेचणीला बाया मिळत नाहीत. तिथली टंचाई खरी आहे. एका टोळीला एका दिवशी एकच शेत वेचता येतं. किलोमागे रुपया-दोन रुपये वाढवून दुसऱ्याची ठरलेली टोळी सकाळी ऑटो पाठवून पळवणारे लोक आहेत, आणि त्यांना सरसकट वाईट म्हणायची माझी तयारी नाही. बायांना दोन रुपये जास्त मिळाले हे तर चांगलंच झालं. विहिरीच्या पाण्याचंही तसंच. शेजाऱ्यानं आणखी खोल बोअर मारला तर आपली विहीर आटते. अशा जागी चांगुलपणाला किंमत मोजावी लागते, आणि ती मोजणारी माणसंही आहेत. आभाळ पाहून आपली टोळी अर्ध्या दिवसासाठी बांधावरच्या विधवेच्या शेतात पाठवणारा शेतकरी मी पाहिला आहे. त्याचा स्वतःचा कापूस दुपारच्या पावसात भिजला. अशी माणसं थोडी असतात, त्यांच्यावर गावाची व्यवस्था उभी करता येत नाही.

व्यवस्था कशावर उभी राहते त्याचं एक उदाहरण आपल्या शेजारीच घडलं. पानी फाउंडेशननं २०१६ साली वॉटर कप स्पर्धा सुरू केली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत अमरावती जिल्ह्यातलं वरुड होतं. बाकीचे दोन म्हणजे साताऱ्याचं कोरेगाव आणि बीडचं अंबाजोगाई. पुढच्या वर्षांत आपल्या अकोला जिल्ह्यातले तालुकेही त्यात उतरले. उन्हाळ्यातले ४५ दिवस, जलसंधारणाच्या कामाला गुण, आणि पहिल्या गावाला ५० लाखांचं बक्षीस. ही चांगली जबर चुरस होती. पण चुरस गावागावांत होती, गावातल्या माणसांत नव्हती. त्यामुळे एरवी ज्या दोन भावकींचं पाणी एका आडाचं चालत नव्हतं त्यांना एकाच उतारावर सलग समतल चर खणावे लागले. एकाचा चर अर्धा राहिला तर गुण सगळ्या गावाचे जाणार होते. म्हाताऱ्यांनी टोपल्या उचलल्या, नोकरीवाले सुट्टी काढून आले, १ मेच्या महाश्रमदानाला शहरातली माणसं कुदळ घेऊन पोचली. २०१७ चं पहिलं बक्षीस वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्यानं नेलं. डोंगरातलं छोटंसं, कोलामांची वस्ती असलेलं गाव.

स्पर्धा तीच, माणसं तीच, ईर्षाही तीच. कुंपण कुठं घातलं एवढाच फरक. बक्षीस संपल्यावर ती एकी किती गावांत टिकली हा प्रश्न योग्य आहे, आणि नुसत्या बक्षिसावर माणसं कायम जोडली जातात असं मी म्हणणार नाही. पण ४५ दिवस का होईना, शेजाऱ्याचा चर पुरा होणं हे आपलं काम झालं होतं.

वर्गातही हे करता येतं. अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली गोऱ्या-काळ्या मुलांना एका शाळेत बसवल्यावर भांडणं पेटली. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं. त्याच्या ध्यानात आलं की वर्गात प्रत्येक मूल शिक्षकाच्या शाबासकीसाठी दुसऱ्याच्या चुकीची वाट पाहतंय. त्यानं मुलांचे लहान गट केले आणि धड्याचे तुकडे करून एकेकाला एकेक तुकडा दिला. ज्याचा तुकडा त्यानं शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. अडखळत बोलणाऱ्या मुलाला आता हिणवून भागत नव्हतं. त्याच्याकडचा तुकडा हवा होता, म्हणून मुलं त्याला धीर देऊन प्रश्न विचारायला लागली. ही पद्धत आज जगभरच्या शाळांत वापरतात. तिला ना जास्त खोल्या लागतात, ना जास्त फी.

महत्त्वाकांक्षेला मी मुळीच दोष देणार नाही. वऱ्हाडाला ती हवी आहे. पापळसारख्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले पंजाबराव देशमुख समुद्र ओलांडून बॅरिस्टर होऊन आले, ते काय महत्त्वाकांक्षेशिवाय? पण परतल्यावर त्यांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, कारण आपल्यासारखे हजारो शिकले तर आपण लहान होऊ असं त्यांना वाटलं नाही. त्याच संस्थेचं महाविद्यालय अकोटात आहे. आमच्यातले कित्येक जण तिथून पदव्या घेऊन निघाले, आणि आज त्यांचीच मुलं वही झाकून अकोल्याच्या गाडीत बसतात.

जूनमध्ये नव्या बॅचेस सुरू होतील आणि पालकसभा भरतील. माझा एक भाचा यंदा अकरावीला आहे, त्याच्यासोबत मी जाणार आहे. फीचं आणि निकालाचं बोलणं झाल्यावर मी दोन गोष्टी विचारणार आहे. आठवड्याची यादी सगळ्यांना न पाठवता ज्याचे गुण त्यालाच कळवता येतील का? आणि बॅच क्रमांकावरून बदलण्याऐवजी चार-चार मुलांचे गट करून त्या गटाची सरासरी धरता येईल का? अकोटातल्या इतर पालकांनीही आपापल्या वर्गात हेच विचारावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकानं विचारलं तर हसून सोडून देतील, पंचवीस जणांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. जे उत्तर मिळेल ते याच सदरात लिहीन.